चुकल्यामाकल्याचा एक

"गणितात बैसतील तितके बोल्ट घाल. मग वरी एक घाल. चुकल्यामाकल्याचा."

कृष्णाजी अप्पांचं हे वाक्य शर्मिष्ठाच्या कानात बावीस वर्षं होतं. लग्न करून ती मिरजेहून चेन्नईला आली, उमाकांत बँकेत रुजू झाला आणि सहा महिन्यांत ती नुंगंबाक्कमच्या एका गल्लीतल्या ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून लागली. ऑफिस अप्पांचं. अप्पा तंजावरकडचे मराठी. कपाळावर गंध, खिशात फूटपट्टी आणि बोलणं असं जुनं, की पहिले दोन महिने ती तोंडाला पदर लावून हसायची.

तेव्हाच तिने विचारलं होतं, "पण चुकणार कोण, अप्पा? गणित तर दोनदा तपासलंय."

"मी चुकेन. तू चुकशील. लोखंड ओतणारा चुकेल. वरी उन्हात लोंबकळून पाना फिरवतो, त्याचा हात एके दिवशी थकेल. माणसंच की अवघी! त्या सगळ्यांचा मिळून एक."

तिला ते पटलं, कारण घरची रीतच तशी होती. तिचा लक्षवातींचा नेम. रोज स्नान झालं की देवासमोर बसून एकशे आठ वाती वळायच्या आणि वर एक. मोजताना मन कुठे भटकलं, एखादी वात सुटली, तर ती उणीव भरून निघावी म्हणून. आईने शिकवलेलं. हजार किलोमीटरवरच्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने लोखंडात तेच करावं याचं तिला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

दहा वर्षांपूर्वी अप्पा निवृत्त झाले. खुर्ची मुलाला, तरुणला दिली आणि शर्मिष्ठाला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "तरुण हुशार आहे. पण त्याला घाई आहे. मज तुझा शब्द पाहिजे. मी असो नसो, तो वरचा एक सुटायचा नाही." तिने त्यांच्या पाया पडून शब्द दिला. साडेआठ वर्षं तो पाळलाही.

सुटला तो इरुंगाट्टुकोट्टैच्या छतावर, आणि पारितोषिक मिळालं तेही त्याच छताला.

गाड्यांचे सुटे भाग बनवणारा तो चेन्नईबाहेरचा कारखाना. बेचाळीस मीटर रुंदीत मध्ये एकही खांब नको, अशी मागणी. शर्मिष्ठाने लोखंडी कैच्यांचं, म्हणजे त्रिकोणी सांगाड्यांचं, छत मांडलं. खाली उभं राहून पाहिलं तर कुणी आभाळाला जाळी विणल्यासारखं दिसायचं. काम तिचंच होतं, आणि चांगलं होतं. दक्षिणेतल्या इंजिनिअरांच्या संस्थेने यंदाचं पारितोषिक त्याला जाहीर केलं. मानपत्राचा मसुदा आला. त्यात एक वाक्य होतं: 'या रचनेत एकही बोल्ट अनावश्यक नाही.'

ते वाक्य खरं होतं. हीच तर अडचण होती.

दीड वर्षापूर्वी नकाशे तयार होत असताना कॉम्प्युटरने शहाण्णव जोडांवर लाल खूण केली होती. एका ओळीत चार बोल्ट पुरेसे, पाचवा जादा. ऑफिसातली सौम्या, पंचविशीची, पटापट काम उरकणारी मुलगी, खुर्ची फिरवून म्हणाली, "मॅम, हा पाचवा कशाला?" आणखी चार मुलं वळून बघायला लागली. शर्मिष्ठाने तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होती? कुठल्या नियमात होतं ते? माझ्या आईच्या वातींमध्ये आहे, असं सांगणार?

"काढून टाक," ती म्हणाली.

बस, इतकंच. तरुणने दबाव आणला नव्हता, कारखान्याने मागितलं नव्हतं. बोल्टाचं वजन ते काय! चार पोरांसमोर अडाणी दिसायची लाज वाटली, म्हणून शब्द मोडला. छत धोक्यात नव्हतं; चार बोल्ट भार घेत होते, हे तिने नंतर तीनदा तपासलं. तपासून झालं की कागद खणात ठेवायची आणि आठवड्याने पुन्हा काढायची.

*

पारितोषिक रविवारी संध्याकाळी होतं. गुरुवारी ती निमंत्रण घेऊन अप्पांकडे मैलापूरला गेली. तरुणची इच्छा होती की पारितोषिक अप्पांच्याच हातून दिलं जावं, आणि संस्थेने ते मानलं होतं.

गुरुवारचा तिचा उपास. अप्पांना माहीत होतं, म्हणून आतून नुसती कॉफी आली. अप्पा आता चौऱ्याऐंशीचे. एका डोळ्याने दिसायचं बंद झालेलं, दुसऱ्यापुढे भिंग. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एका जोडाचा मोठा फोटो होता. अप्पांनी पुस्तिका जवळ घेतली, भिंग फिरवलं, पुढे नेलं, परत मागे आणलं.

"एक, दोन, तीन, चार." मग भिंग थांबलं. "आणि हे पाचवं भोक रिकामं कां गे?"

शर्मिष्ठाने कप खाली ठेवला आणि फोटोवर वाकली.

तिने फोटो शंभरदा पाहिला होता. पण पाहिली होती छताची नक्षी, कोपऱ्यातलं आपलं नाव. चार बोल्टांच्या ओळीला लागून एक काळं, गोल, रिकामं भोक होतं, ते तिला दिसलंच नव्हतं. नकाशात नव्हतं ते. मग आलं कुठून?

"सांग पाहू."

खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. काढला, अप्पा. मला लाज वाटली. ती तोंडाशी आलीसुद्धा. पण अप्पांचा चेहरा वर झाला होता, पुस्तिकेवरून हात फिरत होता, ज्या हाताने तिच्या पहिल्या नकाशावर तांबड्या पेन्सिलीने शंभर खुणा केल्या होत्या.

"बसवायचा राहिलाय, अप्पा," ती म्हणाली. "फोटो आधीचा आहे. रविवारी बसवून घेते."

"सरि, सरि. बरं." अप्पा हसले. "मज वाटलंच, तू सोडायची नाहीस. मग रविवारी संध्याकाळी मी येईन. हातांनी देईन तुज. तरुणला सांग, व्हीलचेअर नको, चालत चढेन स्टेजवर."

उपासाच्या दिवशी ती खोटं बोलली होती. तेही अप्पांपुढे. जिना उतरताना तिला जाणवलं, हे खोटं खरं करायला आपल्याजवळ तीन दिवस आहेत.

*

घरी आल्याबरोबर तिने गुम्मिडिपूंडीला दत्ताजींना फोन लावला. दत्ताजी मूळचे कराडचे. वीस वर्षांपासून अप्पांच्या ऑफिसची लोखंडी कामं त्यांच्याच वर्कशॉपमध्ये घडत.

"दत्ताजी, इरुंगाट्टुकोट्टैच्या जोडांना पाचवं भोक कुणी पाडलं?"

"आत्ता विचारताय व्हय, बाई?" पलीकडून मोठं हसणं आलं. "दीड वरीस मी वाट बघतोय फोनची! आवो, वीस वर्सं तुमच्या हापिसची पाच भोकं पाडतोय. पोरांचा हात आपसूक पाचव्यावर जातो. दोन-चार प्लेटा झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, नकाशावर चारच हायत. म्हटलं, बाई इसरल्या असतील. पाडा म्हटलं सगळ्यांना, शहाण्णवच्या शहाण्णव."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुम्ही कधी इसरता व्हय? म्हनून वाटलं, आठवल तवा मागतील बोल्ट. डबा भरून ठेवलाय, वर तुमच्या कामाचं नाव लिवलंय. सत्त्याण्णव हायत."

"सत्त्याण्णव?"

"शहाण्णव आणि वर एक. अप्पांच्या हापिसचं काम हाय न्हवं?"

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. ती विसरली नव्हती. तिने तो मुद्दाम काढला असेल, हे दत्ताजींना सुचलंच नव्हतं. दुसरं कुठलंही वर्कशॉप असतं तर चारच भोकं पडली असती, फोटो स्वच्छ आला असता, अप्पांना काही दिसलं नसतं, आणि आज ती सुखाने साडीला फॉल लावत बसली असती.

*

शुक्रवारी ऑफिसात दारावर झेंडूचं तोरण होतं. रिसेप्शनच्या भिंतीवर काचेचं नवं कपाट बसवलं होतं, आत दिवा, खाली मखमल. रिकामं. रविवारची वाट बघत.

"अक्का, बघा!" तरुण तिला 'अक्का' म्हणायचा, वयाने पाच वर्षांनी लहान होता म्हणून. "चाळीस वर्षांत या ऑफिसला एक साधं मानचिन्ह नाही. अप्पांनी कधी फॉर्मच भरला नाही. म्हणे, छत उभं आहे हेच पारितोषिक. बरोबर आहे, पण उभं असलेलं छत कुणाला दिसतं? पडलेलंच दिसतं. नवा क्लायंट विचारतो, अवॉर्ड्‌स काय? मी काय दाखवू? अप्पांचं गंध?"

तिने सगळं सांगितलं. भोक, अप्पा, रविवार. तरुणने ऐकता ऐकता खुर्ची जवळ ओढली.

"म्हणजे सकाळी तुम्ही शहाण्णव जादा बोल्ट घालणार, आणि संध्याकाळी स्टेजवर वाचणार की एकही बोल्ट जादा नाही?"

"म्हणूनच तर पारितोषिक-समितीला कळवायला हवं."

"अय्यो, अक्का!" तो उठून उभा राहिला. "त्या एका वाक्यावर मिळालंय ते. मागे घेतील. नाही घेतलं तरी हसतील. गुम्मिडिपूंडीचं गोदाम आहे ना, दुप्पट मोठं, त्याचे मालक सोमवारी सही करायला येतायत. का येतायत? या पारितोषिकामुळे. त्यांना हेच छत हवंय, याहून हलकं."

"याहून हलकं?"

"पारितोषिक मिळालेल्या माणसाने पुढच्या खेपेला जाड करून कसं चालेल?"

शर्मिष्ठाने रिकाम्या कपाटाकडे पाहिलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, रविवार गेला की संपलं. पण त्या काचेच्या कपाटात तिला उभं राहायचं होतं, यापुढची सगळी वर्षं. दर छत आधीच्याहून बारीक. पाचवा बोल्ट पुन्हा कधी आणायचाच नाही, कारण आणला तर लोक विचारतील, मग तेव्हा कुठे गेला होता?

"भोकाचं मी बघतो," तरुण आवाज मऊ करत म्हणाला. "फोटोतून काढून टाकतो. नवी पुस्तिका आजच छापायला देतो. अप्पांना एकाच डोळ्याने दिसतं, तेही भिंगातून. आणि तुम्हाला घालायचेच असतील तर घाला ना, पुढच्या वर्षी. कुणी विचारणार नाही."

"अप्पांना रविवार सांगितलाय."

"अप्पांना मी पहिल्यांदा कुणाच्या टाळ्या ऐकवणार आहे, अक्का." त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "ते तेवढं हिरावून घेऊ नका."

तो लबाड नव्हता. लबाड असता तर सोपं गेलं असतं. बापाला स्टेजवर चढताना बघायचं होतं त्याला. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते पारितोषिक हवं होतं. देवापुढे मागितलं नव्हतं असं नाही. मिरजेला आईने गल्लीत पेढे वाटले होते. इथल्या मराठी मंडळाने शाल आणि नारळ आधीच आणून ठेवला होता. बाथरूमच्या आरशासमोर तिने एकदा हातात पावडरचा डबा धरून उभं राहून पाहिलं होतं, कुणी बघत नाही अशी खात्री करून.

*

शनिवारी तिचा नेम बिघडला. वाती वळताना त्रेसष्टावर अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चाळीसच्या आसपास आकडा निसटला. कापूस बोटांना चिकटेना.

उमाकांत पेपर वाचत होता. "अगं, एकेक मोजतेस कशाला? कुणी ऑडिट करणार आहे का?"

"तू बँकेत असं म्हणतोस का?"

"बँकेत देव नसतो. तिथे मोजावंच लागतं." मग पेपर खाली करून त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. रात्री दोनदा सांगून झालं होतं. "शर्मिष्ठा, एक बोल्ट गं. सगळं जग चार बोल्टांवर उभं आहे."

"उभं आहे. मी कुठे पडेल म्हणते?"

"मग?"

तिने समईची वात सारखी केली. बाहेर कुणीतरी तमिळमध्ये भाजीचा भाव करत होतं.

"सौम्याने विचारलं होतं, कशाला म्हणून," ती म्हणाली. "मला उत्तर येत होतं. तरी दिलं नाही. आता ती पोरगी जन्मभर चारच घालणार, आणि तिला वाटणार, मॅमनाही माहीत नव्हतं. एवढ्या मोठ्या छताखाली चारशे माणसं काम करतात. त्यांच्यातला कुणी चुकणारच नाही, लोखंड ओतणारा चुकला नसेल, मीही चुकले नसेन, असं छातीवर हात ठेवून स्टेजवर कसं ऐकू? ते वाक्य वाचतील तेव्हा मला टाळ्यांमध्ये उभं राहायचंय, उमाकांत. हलताही येणार नाही."

"न गेलीस तर?"

"न गेले तर अप्पा स्टेजवर एकटे."

उमाकांतने पेपरची घडी केली. त्याला कोडं सुटत नव्हतं, आणि ते कबूल करायला तो मागेपुढे बघणारा नव्हता. "मला विचारशील तर दोन्हीकडून फास आहे. म्हणजे फास आहे हे धरून चाल. मग काय करायचं ते बघ."

ती पुन्हा वातींकडे वळली. या वेळी बोटं चालली. एकशे आठ झाल्या, वरची एक झाली, निरांजनात ठेवली. मग लॅपटॉप उघडून तिने समितीला पत्र लिहिलं. छोटंच लिहिलं. रविवारी सकाळपासून या छताच्या प्रत्येक जोडात पाचवा बोल्ट असेल. गणितानुसार तो लागत नाही. तो माणसांच्या चुकीसाठी आहे; आमच्या कार्यालयाची ही चाळीस वर्षांची पद्धत असून ती मी मोडली होती. तरी मानपत्रातलं ते वाक्य वाचू नये. पारितोषिक द्यावं की नाही हे समितीने ठरवावं. अप्पांना मात्र कार्यक्रमाला बोलवावं, ही विनंती.

पत्राची प्रत तरुणला आणि सौम्याला पाठवली. सौम्याच्या प्रतीवर एक ओळ जास्त: 'तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर.'

पाठवल्यावर सुटल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. तरुणने संध्याकाळपर्यंत फोन उचलला नाही. समितीकडून काही आलं नाही. कारखान्याच्या देखभाल विभागातल्या वेंकटला तिने पाचव्या बोल्टची लेखी सूचना पाठवली होती, त्याचं उत्तर मात्र लगेच आलं: 'मॅडम, डिझाइन करणारे तुम्ही, लेखी सूचना तुमची, मला पुरे. रविवारी मशिनं बंद. दोन उचल-शिड्या तयार ठेवतो. टोपी-पट्टा आणा.'

*

रविवारी पहाटे उठून तिने स्नान केलं. आज बोटं बिचकली नाहीत. एकशे आठ, आणि एक. दिवा लावून हात जोडले. मागायला काही सुचलं नाही, म्हणून नुसतीच बसली.

कपाटाच्या मुठीला हॅंगरवर संध्याकाळची साडी लटकत होती, जांभळी कांजीवरम, इस्त्री केलेली, ब्लाउजच्या बाह्या आत दुमडलेल्या. तिने सुती सलवार-कमीज घातला, पायात साइटवरचे जाड बूट. पिवळं हेल्मेट पिशवीत टाकलं, दोन डबे भरले, एक आपल्यासाठी, एक दत्ताजींच्या माणसांसाठी.

फोन वाजला. तरुणचा संदेश. तिने लगेच उघडला.

'अप्पांना अजून काही सांगितलं नाही. ते विचारतायत, शर्मिष्ठा निघाली का. काय सांगू?'

तिने दाराशी उभं राहून टाइप केलं, 'निघाले म्हणून सांग.' आणखी काही लिहावंसं वाटलं. लिहिलं नाही.

"संध्याकाळी?" उमाकांतने चहाचा कप हातात धरून विचारलं.

"माहीत नाही रे. परत आले की बघू. साडी असू दे तिथेच."

खाली फाटकापाशी दत्ताजींचा टेम्पो उभा होता. मागे चार माणसं, आणि पुढच्या सीटवर दोरीने बांधलेला पत्र्याचा डबा. डब्यावर खडूने लिहिलं होतं: इरुंगाट्टुकोट्टै, बाईंचे.

"मोजले का?" चढता चढता तिने विचारलं.

"काल दोन वेळा मोजले, बाई. सत्त्याण्णव." दत्ताजींनी किल्ली फिरवली. "तुम्ही पण एकदा मोजा वाटेत. आपलाबी हात थकतोच की."

शर्मिष्ठाने डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि पहिला बोल्ट तळहातावर काढला. टेम्पो गल्लीतून बाहेर पडला.